पॉलिश पेपरचा आवाज

मुलगी बाळाला घेऊन संध्याकाळी यायची होती, म्हणून मोठ्या खोलीत जिप्सम बोर्डाची भिंत घालून आम्ही बाळासाठी खोली काढली होती. रंगारी पुट्टीचा शेवटचा हात घासत होता. बल्ब भिंतीला टेकवून धरायचा आणि जरा सावली पडली की तिथे पॉलिश पेपर फिरवायचा. माझ्या दाढीकडेही तो त्याच नजरेने बघे.

चहा आला, तसा रंगारी खाली बसला. घासण्याचा आवाज चालूच राहिला.

"पलीकडे दुसरा माणूस लावलाय का, साहेब?"

"तुला एकट्याला चहा देऊन बायको दमलीये," मी म्हणालो.

पलीकडे जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. आवाज मात्र तिथेही तेवढाच येत होता. भिंतीच्या दोन बाजूंच्या बोर्डांमध्ये चार बोटांची पोकळी होती, आणि तिच्यात कोणीतरी मन लावून काम करत होतं.

रंगाऱ्याने भिंतीवर तळवा टेकवला.

"हात चांगला आहे याचा," तो हळूच म्हणाला. "पण थांबत नाहीये. बोर्ड पातळ होत चाललाय."

तेवढ्यात मुलगी दारात आली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"बाबा, पाळणा याच भिंतीला लावायचा ना?"

"आत येऊ नकोस," मी म्हणालो.

आवाज थांबला. मग पाळण्याच्या उंचीवर, त्या गुळगुळीत भिंतीतून, कोणीतरी आतून फुंकर मारावी तशी पांढरी भुकटी आमच्या बाजूला उडाली.