गाईच्या खुणा
दुष्काळात दूध सोसायटीनं उघडलेल्या छावणीत शहादेवची गाय चुकून दुसऱ्याच्या दावणीला गेली. "खुणा सांगा अन् घेऊन जा," सेक्रेटरी म्हणाला. हातातलं रिकामं दावं चाचपत शहादेव पुटपुटला, "तांबडी हाय." "हितं समद्याच तांबड्या!" सेक्रेटरी म्हणाला. "काका, घरची गाय डोळे मिटले तरी दिसती की!" लोक हसले. त्यानं डोळे मिटले. नुसता काळोख. डोळे मिटल्यावर इतरांना खरंच काही दिसतं, हे त्याला म्हातारपणी कळत होतं. आजवर ती बोलायची रीत वाटायची. शेवटी बायको पुढं आली. "डावं शिंग वाकडं, शेपटीचा गोंडा पांढरा, कासेवर तीळ." गाय मिळाली. आपल्या दावणीकडं परतताना बायको थकून म्हणाली, "अवो, उद्या मी हरवले तर काय खुणा सांगताल?" त्यानं थांबून तिच्याकडं निरखून पाहिलं, पुन्हा डोळे मिटले. काळोखच. तो म्हणाला, "तू हरवू नको."