दुसरी घंटा

आयसीयूतल्या नर्सेसच्या संघटनेत क्रांती यंदाच विद्यार्थी सभासद झाली होती. सांगलीच्या अधिवेशनात तिच्या वाट्याला आली घंटा. पहिली घंटा वक्त्याला सावध करायला. दुसरी झाली की माइक बंद.

स्टेजवर तिच्याच कॉलेजच्या संयोगिता मॅडम उभ्या राहिल्या. विषय होता, पेशंटची कूस न बदलल्यामुळं पाठीला होणाऱ्या जखमा. त्या अभ्यासासाठी वर्षभर आयसीयूत राबली होती क्रांती, अन् निवेदिकेनं नाव घेतलं एकट्या मॅडमचं! वर "आईला घेऊनच ये हं" असा आग्रहही मॅडमचाच.

जतहून आलेली पारूबाई लेकीच्या कानाशी लागली. "ह्ये तर तुजं काम हाय न्हवं? मग ही बया कशी सांगतीया?"

"तू बघच आता, आये."

बड्या वक्त्यांना दोन-चार मिनिटं वाढवून द्यायची पद्धत असते. क्रांतीनं एक सेकंदही दिला नाही. दुसरी घंटा अशी हाणली की अख्खं सभागृह दचकलं आणि मॅडमचा आवाज वाक्याच्या मध्यातच बंद पडला.

"अगं, एकच स्लाइड राहिलीय!" मॅडम तिथूनच ओरडल्या.

"नियम म्हणजे नियम, मॅडम." वर्गातलं त्यांचंच वाक्य क्रांतीनं त्यांच्या तोंडावर फेकलं. जिवाला कसं गार वाटलं.

मॅडमनी शेवटच्या स्लाइडचं बटण दाबलं.



पडद्यावर क्रांतीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, "हा अभ्यास माझा नाही, हिचा आहे. क्रांती, आईला घेऊन स्टेजवर ये."