हौशीच्या लग्नाचा चौक

इटलीतल्या लहानशा संग्रहालयातून फोटो आला, तेव्हा गंगी अंगणात नागली पाखडत होती. माहेरी आलेल्या हौशीनं मोबाइल आईपुढे धरला. काचेमागं गंगीनं कापडावर काढलेला लग्नाचा चौक होता, मधोमध पालघट देवी. समोर गोरी माणसं हात बांधून उभी. गेल्या वर्षी तोच पाठवायची घाई होती, म्हणून हौशीच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायला गंगीला सवड झाली नव्हती. मोखाड्याहून चौकाचा फ्लेक्स छापून आणला आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीनं त्याच्यापुढेच देवीची गाणी म्हटली. “भित काय, फ्लेक्स काय, देवी तीच,” गंगी तेव्हा म्हणाली होती. आता तो फ्लेक्स शेळ्यांच्या गोठ्यावर ताडपत्रीऐवजी पडला होता. तिकडे बघायचं गंगी टाळायची. हौशीनं फोटो मोठा केला, देवीला निरखून पाहिलं आणि विचारलं, “आये, तठं कोनाचं लगीन हाय?”