काळा फलक

ऑल्डरहोमचे मालक गेले, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे रंगारी दारावर टांगायचा कुलचिन्हाचा फलक घेऊन आला. कारभारीण हेस्टरने फडकं बाजूला केलं, तर सगळा फलक काळाभोर. “काका, डोळे अधू झाले का? गेलेल्या माणसाची बाजू काळी, मागे राहिलेल्याची पांढरी. मालकीणबाई वर धडधाकट बसल्यात.” “मला नको शिकवू, पोरी. भाचेसाहेबच म्हणाले, दोन्ही बाजू काळ्या कर, महिन्याभरात पुन्हा रंगवायला नको.” हेस्टरने फडकं पुन्हा फलकावर ओढलं. तीनशे वर्षांची ही इस्टेट मालकीणबाईंच्या माहेरची. त्यांच्यामागे ती या भाच्यालाच मिळायची. इतक्यात तोच जिना उतरून आला, बोलणं सायीसारखं मऊ. “हेस्टर, आत्याचं दूध आजपासून मीच वर नेईन.” “बरं, साहेब.” तो स्वयंपाकघराकडे वळला तशी ती हळूच रंगाऱ्याच्या कानाशी लागली, “काका, तुमच्या गाडीत, ताडपत्रीखाली, एक म्हातारी मावेल का?”