नकाशातलं जंगल

उपग्रहाच्या फोटोंवरून बनवलेला नकाशा कितपत खरा आहे, हे तपासायला योगिनी हरसूलच्या डोंगरात आली होती. संगणकाने निवडलेल्या दोनशे ठिकाणी जायचं आणि नकाशा म्हणतो तेच जमिनीवर आहे का, ते लिहायचं, एवढंच तिचं काम. एकशे बाराव्या ठिकाणी नकाशात जंगल होतं. समोर मात्र नागलीचं शेत होतं आणि धोंडाबाई त्यात निंदत होती.

"मावशी, हे शेत कधीपासूनचं?"

"माझ्या सासऱ्यानं केलेलं. पण नावावर करायला गेलो तं सायब म्हनले, नकाशात जंगल हाय, शेत नाय."

कोणता नकाशा, हे योगिनीला विचारावं लागलं नाही. तिने तिथूनच ऑफिसात फोन लावला.

"चूक अशी नोंद कर आणि पुढे चल," सर म्हणाले. "नव्वद टक्के बरोबर येतंय, खूप झालं."

"सर, पण यावरून यांचा दावा फेटाळलाय."

"तो आपला विषय नाही."

तिने चडफडत फॉर्मवर 'चूक' लिहिलं आणि शेताचे चारही बाजूंनी फोटो काढले. हात पुसत धोंडाबाई जवळ आली.

"चुकलंय असं लिवलं ना ताई? मंग आता नकाशात माझं शेत दिसंल?"

योगिनीला तिच्याकडे बघवेना.

"नाही मावशी. नकाशा तोच राहील. तो किती टक्के चुकलाय, तेवढं फक्त खाली छापतील."