विहिरीचं पाणी

बोस्टनच्या भाच्याला घराण्याची मुळं हवी होती. चर्चमधल्या नोंदी चाळून झाल्या, तशी नोरीन झारीत विहिरीचं पाणी घेऊन दफनभूमीत आली. झिजलेला दगड भिजवला की अक्षरं उठून दिसतात, वाळला की पुन्हा बुजतात.

“काय गं, राजाबिजा सापडला का घराण्यात?” थडगी राखणाऱ्या म्हाताऱ्या कॉलमननं टोमणा मारला.

“सापडला तर मेंढीचोरच सापडेल!”

तिनं पाणी ओतलं. पणजोबा उमटले, आजोबा उमटले. त्यांच्याखाली आणखी एक नाव उमटलं. रोनन.

झारी तिच्या हातातून निसटली.

बाप्तिस्म्याआधीच गेलं, म्हणून तिच्या बाळाला इथे जागा मिळाली नव्हती. नवऱ्यानं ते समुद्राकाठी गुपचूप पुरलं, तेव्हा तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता. नाव मात्र ठेवलं होतं, मनातल्या मनात. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

“कॉलमन, हे कुणी कोरलं?”

तो वाकला. “जुनंच आहे की. बाकीच्यांइतकंच झिजलंय.”

ऊन पडलं. पणजोबा बुजले, आजोबा बुजले. रोनन ओलाच राहिला.

तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

खारट होतं.