एक घास

"कशी लागली, बाय?" चुलीपुढून मावशीनं विचारलं. बेटावरचे अस्सल पदार्थ लोकांना दाखवायला आलेल्या ईशानीनं मोबाइल तोंडासमोर धरला, केळीच्या पानात भाजलेल्या जवळ्याच्या पानगीचा घास कसाबसा गिळला आणि डोळे मिटून म्हणाली, "अहाहा! जीव ओवाळून टाकावा अशी चव!"

मावशी लाजली. "उरलेली लाँचमध्ये खाते," असं सांगून ईशानी निघाली आणि लाँचमध्ये बसताच, कुणी बघत नाही असं पाहून, तिनं पानगी पानासकट हळूच पाण्यात सोडली.

दोर सुटण्याआधीच हाक आली. मावशी धापा टाकत धक्क्यावर पोचली होती, हातात फडक्यात बांधलेलं गरम पुडकं. "जावयाला केल्या होत्या. त्याला उद्या करीन. तुला एवढ्या आवडल्या, तर घरच्यांना ने."

पुडकं द्यायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. धक्क्याच्या पायरीला लागून पान तरंगत होतं. त्यावर एकच घास तोडलेली पानगी.

ईशानीचे कान तापले. मावशीच ओशाळून हसली. "मीठ जास्त पडलं असंल गं," ती पुटपुटली, आणि चोरी पकडली गेल्यासारखं पुडकं तिनं पदराआड लपवलं.